शुक्रवारचा काळा कागद

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, हवा तपासायची. चार पायांवर उभी, डोक्यावर उतरतं छप्पर, पोटात मोटर आणि मोटरीवर एक पांढरा कागद. दिवसरात्र मी हवा ओढते. हवा निघून जाते, मळ कागदावर राहतो. सकाळी माणूस येतो, मळका कागद काढून कोरा घालतो. जुना कागद हवेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी परिषदेत तोलला जातो आणि तो किती जड झाला यावरून वस्तीची हवा कशी आहे ते ठरतं. काम एवढंच. पण मला ते कधी कमी वाटलं नाही.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. मला खरी जाग आली ती सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर, प्रादेशिक परिषदेनं मला इस्पितळाच्या क्वार्टर्सच्या गच्चीवर उभं केलं तेव्हा.

माझी सगळी देखभाल बदरुद्दीनकडे होती. हा रत्नागिरीकडचा, परिषदेत टेक्निशियन. त्याची बायको सकिना इस्पितळात नर्स. दोघं माझ्याच खालच्या मजल्यावर राहायचे. मराठी मी त्यांच्याकडून शिकले. उन्हानं पत्रा तापला की बदरुद्दीन माझ्यावर ओलं फडकं टाकायचा आणि म्हणायचा, "बाय माझी, दमलीस काय?" परिषदेच्या कुठल्याही नियमात हे लिहिलेलं नव्हतं.

मग कुवेतवरून आखाती लढाई आली. लोकांनी खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, सायरन झाला की जिने दणाणायचे. समुद्रात तेल सांडलं, कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या, आणि उत्तरेचा वारा सुटला की आकाश तव्याच्या बुडासारखं व्हायचं. अशा दिवशी माझा कागद बघून परिषद शाळा बंद ठेवायची, दमेकऱ्यांना घरात बसायला सांगायची. आजवर कोणी ढुंकून न पाहिलेल्या पेटीची लोक चौकशी करू लागले. मला आपलं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

शुक्रवार सुट्टीचा. नमाज झाली की कोकणातली मंडळी गच्चीवर जमायची. गावी फोन लागत नसत. कोणाच्या घरची काय खबर आहे, ती इथंच कळायची. किनाऱ्यावरचे मासे तेलाच्या भीतीनं कोणी घेईना, म्हणून बर्फातले बांगडे यायचे. सकिना मसाला लावायची, बदरुद्दीन कोळशाची शेगडी पेटवायचा. शेजारच्या बिऱ्हाडांना माशाचा वास खपत नसे. त्यावर या मंडळींनी नामी तोड काढली होती. शेगडी माझ्या अगदी शेजारी मांडायची. मी हवा ओढते ना? मग धूरही ओढेन, वास खाली जाणार नाही! कौतुकानं ते मला 'आपला एक्झॉस्ट' म्हणायचे.

एकदा सकिनाला शंका आली. "सगळा धूर हे मशीन गिळतंय. कागद काळा निघाला तर?"

"अगो, तिकडे अख्ख्या विहिरी जळतायत, आणि तू माझ्या चार बांगड्यांचं काय घेऊन बसलीस!" बदरुद्दीन हसला. सगळेच हसले. माणसाची ही एक गंमत आहे. दुसऱ्याची आग मोठी दिसली की आपल्या धुराकडे बघायचं तो विसरतो.

परिषदेतला निरीक्षक नबील मात्र विसरणाऱ्यांतला नव्हता. इथलाच, तरुण, शिस्तीचा. त्याच्या लक्षात आलं की दक्षिणेचा वारा असतो, गावातल्या इतर पेट्यांचे कागद स्वच्छ निघतात, तरी माझा शुक्रवारचा कागद काळा. म्हणजे धूर कुवेतचा नाही, इथलाच कोणाचा तरी. त्यानं गच्चीवरून चौफेर पाहिलं. जवळपास एकच धुराडं होतं, हुसेनमियाँच्या बेकरीचं.

हुसेनमियाँ सकिनाच्या गावचा, म्हणून ती त्याला मामू म्हणायची. त्याची लाकडावरची भट्टी इस्पितळालाही पाव पुरवायची. परिषदेची नोटीस आली. पुढच्या शुक्रवारचाही कागद काळा निघाला तर भट्टीला सील.

"लायसन गेलं की ज्याच्या व्हिसावर मी इथं आहे तो कफील एकच शब्द बोलणार, खलास," हुसेनमियाँ गच्चीवर येऊन म्हणाला. "या वयात गावी जाऊन मी काय करू गो, सकिना?"

त्या शुक्रवारी त्यानं भट्टी पेटवलीच नाही. दिवसभर बिचारा घोर करत बसणार, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं, मामूला एकटं सोडायचं नाही. आणि त्याच्या समाधानासाठी एकीच्या जागी दोन शेगड्या पेटल्या! बांगडे दुप्पट. हुसेनमियाँला आग्रह करकरून वाढत होते, तोही डोळे पुसत खात होता. माझा जीव तुटत होता. अरे, थांबा रे! पण मला ओरडता येत नाही. मला फक्त ओढता येतं. मी ओढत राहिले.

शनिवारी सकाळी काढलेला तो कागद आजवरचा सगळ्यांत काळा निघाला.

नबील सील घेऊन बेकरीत गेला. भट्टीचं दार उघडलं तर आत मांजर निजलेलं. राख थंडगार. तो बराच वेळ त्या मांजराकडे बघत राहिला आणि मग बदरुद्दीनला घेऊन तडक गच्चीवर आला. मागोमाग हुसेनमियाँ आणि सकिना.

"भट्टी बंद होती. तरी कागद काळा," नबील म्हणाला. "मशीन बिघडलं असणार. काढून टाकू. भंगारात. भट्टीचं प्रकरण मिटलं."

हुसेनमियाँनं मोठा सुस्कारा सोडला. मी मात्र गारठले. बदरुद्दीननं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी सगळे सुटले असते. भट्टी वाचली असती, त्याची नोकरी वाचली असती. गेले असते ती मी एकटी, आणि पेटीसाठी कोण रडतं?

बदरुद्दीननं माझ्या पत्र्यावर हात ठेवला.

"मशीन खरं बोलतंय, साहेब. खोटे आम्ही. इथं मासे भाजतो आम्ही, दर शुक्रवारी. शेगडी मीच पेटवतो."

"आणि मसाला मी लावते," सकिना म्हणाली.

नबीलनं कागद नाकाशी नेला. हुंगला. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग हसू आलं, मग परत राग आला. "तू परिषदेचा माणूस आहेस," एवढंच तो म्हणाला.

भट्टीची नोटीस रद्द झाली. शुक्रवारचे ते सगळे कागद बाद ठरले, गच्चीवर विस्तव पेटवायला बंदी आली, आणि बदरुद्दीनची बदली झाली पार दुसऱ्या किनाऱ्यावर, यान्बूला. सकिनालाही इथली नोकरी सोडावी लागली. जायच्या सकाळी त्यानं माझा कागद बदलला, छपरावरची धूळ पुसली. "चल बाय," म्हणाला. निरोप घेताना तो मान वळवून उभा राहिला, तेव्हा मला कळलं की पेटीसाठीही कोणी रडतं.

नंतर थोड्याच दिवसांत पुन्हा उत्तरेचा वारा सुटला. भर दुपारी दिवे लावायची पाळी आली. नबील स्वतः धावत वर आला, कागद काढून पाहिला आणि तिथूनच खाली ओरडला, "यल्ला, शाळा बंद करा!" मुलं घराघरांत सुखरूप बसली. मशीन बिघडलंय का, असं त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

आज मी परिषदेच्या गोदामात आहे. मोटर थकलीय. माझं काम आता पडद्यावर आकडे दाखवणारी नवी यंत्रं करतात. माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे. तुमच्या गावात अशी पेटी असेल तर तिच्याशेजारी शेगडी मांडू नका, आणि तिनं वाईट बातमी सांगितली तर तिला भंगारात काढू नका.

बदरुद्दीन, तू कुठं असशील मला ठाऊक नाही. तुझं घर हललं, सकिनाची नोकरी गेली, आणि मी जागच्या जागी उभी राहिले. पुढची कितीतरी वर्षं मी खरं बोलले, ते तू एकदा बोललास म्हणून.