सावड बुडवली तो दिवस

कुरवंड्याच्या रतनबाईचा एकुलता एक मुलगा बोहल्यावर चढायला निघाला होता आणि रतनबाईचं तोंड असं, की पाहुण्यांना वाटावं मुलीकडच्यांनी ऐन वेळी नकार कळवलाय. दारात मांडव पडला होता, निलेशला हळद लागली होती, कार्ल्याहून आलेला बेंजो अंगण दणाणून सोडत होता. नवरदेवाची आई मात्र मागच्या चुलाणापाशी बसून भाताच्या पातेल्यांची राखण करत होती. त्या कामाला आचारी होता. त्याने बिचाऱ्याने तिला उठवून पाहिलं, मग नाद सोडला.

बाई मुळातली अशी नव्हे. गावात हळद कुणाचीही असो, पदर खोचून पहिली नाचायला उतरणार ती रतनबाई. गेल्या पावसाळ्यापासून तिचं काय बिनसलं होतं, ते तिला आणि तिच्या थोरल्या लेकीला, स्नेहललाच ठाऊक.

झालं होतं ते असं. त्यांच्या आळीत भाताची लावणी सावडीने व्हायची. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात राबायचं, उद्या माझ्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, पण ज्याची पाळी असेल त्याच्याकडे हजर राहायचंच. सावड बुडवणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. आणि शेजारच्या झुंबरबाईच्या पाळीला रतनबाईने ताप आल्याचं सांगितलं. ताप कसला न् काय! स्नेहल लोणावळ्याला एका रिसॉर्टवर कामाला होती. ती म्हणाली होती, "आई, आठवड्याच्या मध्ये कुणी नसतं. साहेब म्हणालेत, घरच्यांना आणा. एकदा ये तरी." आई गेली, आणि तिथल्या पोहण्याच्या तलावात उतरली. इकडे रोपांच्या जुड्या वाहायचं तिचं काम झुंबरबाईने अंगावर घेतलं, बांधावरून घसरली आणि मनगट मोडून बसली.

मग रतनबाईने स्वतःला अशी सजा ठोठावली की कोर्टालाही दया आली असती. झुंबरबाईच्या गोठ्यातलं शेण ती काढू लागली, पाणी ती भरू लागली, भाकऱ्या ती थापू लागली. हात बरा होऊन झुंबरबाई विळा चालवायला लागली, तरी हिचं शेण काढणं चालूच. गोडधोड सोडलं. कुठे हसू आलंच तर प्लास्टरमधला तो हात डोळ्यांपुढे यायचा आणि हसू ओठांवरच विरायचं. निलेशचं लग्न जमलं तेव्हाही तिला वाटलं, एवढा आनंद घ्यायचा आपल्याला हक्क नाही.

हळदीने माखलेला निलेश मित्रांच्या तावडीतून सुटून चुलाणापाशी आला. झुंबरबाई पत्रावळी मोजायच्या निमित्ताने तिथेच टेकली होती.

"आई, खरं सांग. तुला राजेश्वरी पसंत न्हाई ना?"

"आरं, काय बोलतुयास?"

"ती बी फोनवर तेच इचारत व्हती. म्हणली, आई माझ्याशी बोलताना हसत न्हाईत. लगीन उद्या हाय, आई. आज सांग."

त्याला मित्रांनी पुन्हा ओढून नेलं. आपली शिक्षा आपणच भोगतोय, अशी रतनबाईची समजूत होती; ती त्या परक्या घरच्या पोरीलाही भोगावी लागत होती. तिने झुंबरबाईचा बरा झालेला हात धरला आणि डोळे पुसत सगळं सांगून टाकलं. ताप, रिसॉर्ट, तलाव, सगळं.

"मला तवाच कळलं व्हतं," झुंबरबाई म्हणाली. "आमचा पोरगा हनुमंत त्याच तळ्यात औषध टाकाया जातो. त्यानं बघितलं व्हतं तुला."

"मंग तुमी बोलला का न्हाई, आक्का?"

"बोलनार व्हते. पर तू शेण काढाया लागलीस. म्या म्हनलं, काढूंदे."

रतनबाईला रडावं की भांडावं कळेना.

"आन् बांधावर नवी चप्पल घालून मिरवाया मी गेलते, तू न्हाई," झुंबरबाई पुढे म्हणाली. "त्याचा राग न्हाई मला. राग येगळाच हाय. मला का न्हाई नेलंस?"

"आवो, तुमचीच लावणी व्हती."

"लावणी कुटं पळून चालली व्हती? बरं, आता सांग तरी. कसं असतंय?"

हे रतनबाईला कुणी विचारलंच नव्हतं. तिने स्वतःही तो दिवस कधी आठवू दिला नव्हता. सुरुवातीला शब्द सापडेनात. मग ती म्हणाली की अंगात घातलेला स्नेहलचा गाऊन पाण्यात असा काही फुगला, की ती दोन्ही हातांनी तोच दाबत बसली. मग स्नेहलने तिला उताणं झोपवलं, पाठीखाली हात दिला, अंग सैल सोड म्हणाली, आणि गुपचूप हात काढून घेतला.

"आक्का, उभा जल्म पाण्यात वाकून काढला आपण. पर पाणी आपल्याला असं उचलून धरतंय, हे मला ठावंच नव्हतं. वरून पाऊस तोंडावर पडत व्हता. मी लय मोठ्यानं हसले. त्यो वाचमन पळत आला, कोण बुडालं म्हणून."

आणि ती हसली. त्या दिवशीचा आनंद आता कुठे तिच्या पदरात पडत होता. झुंबरबाई तर आचाऱ्याच्या पाठीत धपाटे घालून हसत होती. बेंजोवाल्यांनी चाल बदलली, तशा दोघी हात धरून मांडवात शिरल्या आणि रतनबाईने पदर खोचला.

निलेश नाचता नाचता थांबला. हळदीच्या हातांनीच त्याने फोन काढला, राजेश्वरीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन हसत नाचणाऱ्या आईकडे वळवला.