साठच्या पुढचं भूत

"आलास? आलास ना? मग हलव की तुझा रथ!"

उघड्या बॉनेटआडून बाबाची आरोळी आली आणि अंगणातली ती पंचेचाळीस वर्षांची निळी मोटार जागच्या जागी थडथडायला लागली. आरसे थरथरले, दारांच्या काचा खुळखुळल्या, नंबरपाटीचा एक सैल स्क्रू टकटक वाजू लागला. गाडीच्या मागे फाटकापर्यंत सगळी गल्ली दाटीवाटीने उभी होती. कोणाचाही आ मिटेना.

"बस! शांत हो!" बाबा गरजला. पाच मोजेपर्यंत गाडी निवली. इंजिन पुन्हा मांजरासारखं घुरघुरू लागलं. घरच्या धाकट्या सुनेच्या सासूबाईंनी डोळे पुसले. थोरल्या दिरांनी छाती फुगवून गल्लीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर 'सांगत नव्हतो?' असं स्पष्ट लिहिलं होतं.

लोक त्याला इंजिनबाबा म्हणत. माणसांची भुतं काढणारे पुष्कळ, याने यंत्रांची भुतं धरली होती. शिलाई मशीन असो, पाण्याचा पंप असो की पिठाची गिरणी, प्रत्येकात त्याला कोणी ना कोणी मेलेलं सापडायचंच. सापडायचं नाही ते फक्त संपलेलं तेल.

"मोटर म्हणजे काय?" हातातला लाकडी दंड आपटत बाबाने विचारलं. दंडाला वर दोन बोटांसारखं बेचकं होतं. "मो म्हणजे मोह, ट म्हणजे टाळता न येणारा, र म्हणजे राख! पिस्टन म्हणजे श्वास. धूर म्हणजे वासना. आणि पेट्रोल म्हणजे?"

"महाग," मागून शिंपीकाका पुटपुटले.

दोघं-तिघं फिसकन हसले. बाबाने ऐकलं न ऐकलंसं केलं. "या गाडीत घरचा कर्ता पुरुष बसलाय. आप्पा. त्यांची गाडी परक्या घरून आलेल्या पोरीने बेफाम हाकली. त्याचा हा कोप! माई, यापुढे धाकट्या सुनेचा हात स्टिअरिंगला लागता कामा नये. आणि गाडी चाळीसच्या पुढे न्यायची नाही. चाळीसच्या आत आप्पा शांत राहतील, हा माझा शब्द."

थोरल्यांनी लगेच घरात हाक दिली. "धाकटे, गाडीची दुसरी किल्ली आणून दे. आत्ता."

धाकटी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. बाबानेच तिला आत पाठवलं होतं. 'जिच्यावर कोप, ती समोर नको.' दीड वर्षाची लेक तिच्या खांद्यावर पेंगत होती. पोरीच्या मानेला अजून औषधाचा आणि घामाचा वास येत होता. धाकटीने त्या मानेत नाक खुपसलं आणि चार दिवसांपूर्वीची दुपार पुन्हा तिच्या अंगावर आली.

त्या दुपारी ताप चढता चढता पोरीचे डोळे फिरले होते. इवलेसे हात ताठ झाले होते. तापातले झटके. नवरा कामासाठी दूरच्या शहरात, सासूबाई देवळात, थोरले दीर दुकानात, फोन उचलेनात. इस्पितळ बावीस किलोमीटरवर. तिने शेजारणीला पोर मांडीवर देऊन मागे बसवलं आणि आप्पांची गाडी काढली. आप्पा गेल्यापासून दोन वर्षं ती गाडी फक्त पुसली जायची आणि अंगणातच पाच मिनिटं चालू करून ठेवली जायची. त्या दिवशी ती ऐंशीने, नव्वदने धावली. वळणावर टायर किंचाळले. पुलापाशी मोठी रांग लागलेली दिसली, तशी तिने बांधकाम चाललेल्या बाजूच्या रस्त्यावर गाडी घातली. मजूर ओरडत राहिले, चाकांखालून काहीतरी ओलं सपसप उडत राहिलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." या दोन शब्दांवर ती अजून उभी होती.

रात्रभर गाडी इस्पितळाच्या आवारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी परतताना साठचा काटा ओलांडला आणि स्टिअरिंग तिच्या हातात थरथरायला लागलं. पंचाहत्तरला तर दात वाजायची पाळी. पन्नासवर आली की सगळं गप्प. मोकळा रस्ता पाहून तिने एक केलं. वेगात असतानाच क्लच दाबून इंजिन चाकांपासून सोडवलं. इंजिनाचा आवाज पार खाली आला, पण थरथर तशीच. म्हणजे खोड इंजिनात नव्हती. घरी येऊन तिने हे सांगितलं, तर थोरल्यांनी स्वतः गाडी रस्त्यावर नेऊन थरथर अनुभवली आणि ते म्हणाले, "तू धुलाईघरात काम करतेस. मोटारीतलं तुला काय कळतं?" गॅरेजचं तर नावच नको. आप्पांनी परक्याचा पाना गाडीला कधी लागू दिला नव्हता, आणि घराण्याचा तो नियम थोरल्यांनी इमानाने पाळला होता. त्यांनी गाडी बाहेरून आरशासारखी लख्ख केली, चाकांच्या गोल झाकण्या चेहरा दिसेपर्यंत घासल्या, आणि बाबाला बोलावणं धाडलं.

"किल्ली!" थोरल्यांची दुसरी हाक आली.

पुन्हा ताप चढला तर? चाळीसने बावीस किलोमीटर? तिने मनात हिशेब केला. अर्ध्या तासाहून जास्त. तिने ओट्यावरची लाकडी पळी उचलली आणि पोरीला खांद्यावर घेऊन अंगणात आली.

"किल्ली आणलीस?"

"पळी आणलीय, भाऊजी."

"ही थट्टेची वेळ आहे?"

"नाही. म्हणून तर आले. बाबा, तुम्ही सगळ्यांना गाडीच्या मागे उभं केलंत. बॉनेट उघडलं की पुढचं कोणालाच दिसत नाही. पण गाडीचं तोंड घराकडे आहे आणि माझी खिडकी बरोबर समोर. तुम्ही मला आत पाठवलंत ना, सगळ्यांत चांगली जागा मलाच मिळाली!"

बाबाच्या भुवया चढल्या. "पोरी, दहा पावलं मागे हो. भाजशील."

"मी रोज वाफेशी खेळते." ती बॉनेटपाशी पोचलीसुद्धा. "या सगळे पुढे. मागे काय उभे राहिलात, वरात आहे का? या, बघा. इथे चार काळ्या वायरी आहेत. आतलं पेट्रोल पेटवणाऱ्या चार प्लगना वीज देतात. प्रत्येकीला टोकाला रबरी टोपी. तिघींवर धूळ आहे, पहिली तेवढी पुसल्यासारखी. का बरं?"

तिने पळीचा दांडा पहिल्या टोपीखाली घातला आणि ती वर उचकटली. गाडी थडथडायला लागली. आरसे, काचा, स्क्रू, सगळे आपापल्या कामाला लागले. तिने टोपी पळीने खाली दाबली. गाडी निवली.

"आलास? गेलास?" धाकटी म्हणाली. "चार पायांच्या बैलाचा एक पाय बांधला तर तो लंगडणारच. लाकडातून वीज जात नाही, म्हणून बाबांचा दंड लाकडाचा, आणि बेचकं टोपी उचलायला."

गल्लीत कुजबुज उठली. बाबा मुरलेला होता, डगमगला नाही. "बघा! हिच्या हाताला आत्मा पुन्हा खवळला! मी म्हटलं नव्हतं?"

"मग माझ्या हाताला बघू." शिंपीकाका गर्दीतून पुढे आले. त्यांच्या बगलेत कापड मोजायची लाकडी पट्टी कायम असायची. त्यांनी ती घातली, टोपी उचलली. थडथड. दाबली. शांत. पुन्हा उचलली, पुन्हा दाबली. म्हातारा मुलासारखा खूश झाला. "अरे वा! माझ्यावरही आप्पांचा कोप? त्यांच्या चार विजारी मी फुकट उसवून सैल करून दिल्यात हो!"

आता हसू आवरेना. पण बाबाने हात वर केला आणि थंडपणे विचारलं, "ठीक. उभ्या गाडीचं सोडा. रस्त्यावर गाडी का थरथरते? मी तर तेव्हा इथे नव्हतोच. सांग, पोरी!"

हसू एकदम विरलं. सासूबाई पुढे झाल्या. "हो, ते सांग. थोरल्याने स्वतः अनुभवलंय."

"मीही अनुभवलंय, आई. ती थरथर खोटी नाही. पण या दोन थरथरी एक नव्हेत. इथे इंजिन लंगडतं, फटफट वाजतं. रस्त्यावर इंजिन गुमान असतं आणि स्टिअरिंग हलतं. तेही साठच्या पुढेच. बाबांनी चाळीसची अट घातली आणि भूत काढलं म्हणाले. चाळीसला ते पहिल्या दिवशीही नव्हतं! पोहताना पाण्यात उतरू नका, मी तुम्हाला बुडू देणार नाही, अशातली गत."

"मग आहे काय ते?"

"आमच्या धुलाईघरात मोठं मशीन आहे. त्यात कधी ओलं ब्लँकेट गोळा होऊन एका बाजूला बसतं. मशीन सावकाश फिरतं तोवर काही कळत नाही. पिळायला जोरात फिरलं की अख्खी खोली नाचते. तेव्हा आम्ही मशीनला राख फासत नाही. दार उघडतो, ब्लँकेट सोडवतो. भाऊजी, जॅक द्या. पुढचं चाक काढायचंय."

"आप्पांच्या गाडीला हात..."

"दे तिला," सासूबाई म्हणाल्या.

पोर आजीकडे गेली, इंजिन बंद झालं. शिंपीकाकांनी मागच्या चाकांना विटा लावल्या. झाकणी निघाली, नट सुटले. पाचवा सुटेना, तर धाकटी पान्यावर सरळ उभीच राहिली. डावं चाक उतरलं. तिने ते उलटं करून जमिनीवर ठेवलं आणि सगळे ओणवे झाले.

आतल्या बाजूला, रिमच्या खोबणीत, भाकरीएवढा करडा गोळा घट्ट चिकटला होता.

थोरल्यांनी नखाने खरवडून पाहिलं. "हे... काँक्रीट आहे."

"पुलापाशी ओलं काँक्रीट घातलं होतं. मी त्यातूनच गाडी नेली. चाकात उडालं, गाडी रात्रभर उभी राहिली, ते ओघळून खाली एका जागी जमलं आणि तिथेच वाळलं. तुम्ही चाक घासलंत भाऊजी, पण बाहेरून. एका बाजूला हे वजन. चाक जोरात फिरलं की ओढणारच." तिने छिन्नी लावून हातोडा मारला. तिसऱ्या घावाला गोळा सुटून थोरल्यांच्या पायाशी पडला. "घ्या. हा तुमचा आत्मा. दुकानातल्या काट्यावर वजन करा."

उजव्या चाकातही थोडं निघालं. चाकं पुन्हा बसेपर्यंत कोणाच्या तरी लक्षात आलं की फाटक उघडं आहे आणि बाबा कुठेच नाही. दंड मात्र भिंतीला टेकून राहिला होता.

"आता खात्री करू," धाकटी म्हणाली. "मी म्हणते म्हणून मलाही मानू नका. आई, बसा पुढे."

पोर शिंपीकाकांच्या कडेवर ठेवून त्या दोघी मोठ्या रस्त्याला लागल्या. थोरले मागे, गुडघ्यांवर हात घट्ट दाबून. पन्नास. साठ. सासूबाईंनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला. सत्तर. ऐंशी. गाडी तेलावर तरंगावी तशी चालली होती.

सासूबाईंचा तळवा डॅशबोर्डवरच होता.

"म्हणजे हे नव्हतेच यात?" सासूबाईंनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की धाकटीचा पाय आपोआप सैल झाला. गाडी तिने कडेला घेतली.

"नव्हते, आई."

"तीन दिवस मला वाटत होतं, रागावतायत तर रागावू देत. रागावतायत म्हणजे आहेत."

खोटं बोलून हे दुःख हलकं करता आलं असतं. तिने ते केलं नाही. तिने तो डॅशबोर्डवरचा सुरकुतला तळवा आपल्या हातात घेतला. "आई, मला एक सांगा. नातीला झटके आलेत, आणि आप्पा असते, तर त्यांनी गाडी अडवली असती?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग एकदम ताठ बसल्या. "अडवली असती? तो माणूस शंभरने गेला असता! आणि तू चाळीसने नेलं असतंस तर तुलाच झापलं असतं." त्या मागे वळल्या. "ऐकलंस रे? किल्ली हिच्याकडेच राहील. आणि उद्यापासून तूही हिच्याकडून जॅक लावायला शीक."

"हो, आई," थोरले म्हणाले. एवढंच म्हणाले, पण खाली मान घालून नाही, समोर बघून.

त्या दिवसानंतर गल्लीत कोणी शहाणं झालं, कोणी नाही. पाण्याचा पंप बिघडलेल्या एका शेजाऱ्याने त्याच आठवड्यात त्याच बाबाला शेजारच्या गल्लीत गाठून आणलं. धाकटी तिथेही गेली, पोर कडेवर घेऊन, आणि सगळ्यांसमोर तिने पंपाचा सडलेला वॉशर काढून दाखवला. लोक तिला भांडखोर म्हणतात. म्हणोत. भीती वाटणं हा गुन्हा नाही. लेकरू तापलं की तिलाही वाटते. पण भीतीच्या भरात आपण डोळे कोणाच्या हवाली करतो, हे ज्याचं त्याने बघायचं. मेलेल्या माणसाचं नाव पुढे करून जिवंत माणसाच्या हातातली किल्ली काढून घ्यायला जो कोणी येईल, त्याच्या पाया पडू नका, त्याला मारूही नका. नुसतं विचारा, चाक खोलून पाहिलंस का? आणि त्याने उत्तर द्यायच्या आत स्वतः खोला.