आमच्या वेगाची रेकॉर्ड

मंगळवारी दादाचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर त्याला काही म्हणजे काही ऐकू येणार नव्हतं. डॉक्टरांनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं. डावा कान लहानपणीच फुटून कामातून गेला होता. आता उजव्या कानाच्या नसेवर गाठ धरली होती. गाठ काढली तर माणूस वाचेल, नस वाचणार नाही. दादानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे रविवार माझाच आहे ना?" डॉक्टरांना वाटलं, धक्क्यानं काहीतरी बरळतोय. मला मात्र कळलं. मी त्याची धाकटी बहीण आहे आणि आमच्या घरात रविवारचा अर्थ एकच होता.

दादाचं रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढलं की आत आम्ही चौघं जमायचो. दादा, मी, दातांचा डॉक्टर आणि लंबू. डॉक्टर तेव्हा नुसता शिकत होता आणि सरावासाठी आमच्याच दाढांवर डोळा ठेवून असायचा. लंबू नळदुरुस्ती करायचा. इतका उंच की सिंकखाली शिरताना त्याची घडी घालावी लागे. आम्हा चौघांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच, चार इंग्रज पोरांचा एक बँड. ती पोरं आमच्याही आधी म्हातारी झाली, आपसात भांडून वेगळी झाली, पण आमच्यासाठी ती "आपली मंडळी" होती. लग्नकार्यातही आम्ही एवढ्या आपुलकीनं कुणाला आपलं म्हटलेलं नाही.

त्यांची एकच रेकॉर्ड आमच्याकडे होती. कुठल्याशा गिऱ्हाइकानं प्लेअर दुरुस्तीला टाकला आणि परत न्यायला आलंच नाही; त्याच्या तबकडीवर ती तशीच पडलेली होती. दादानं प्लेअर चालू केला तो ती रेकॉर्ड लावूनच. पहिलं गाणं नुसत्या गिटारनं सुरू व्हायचं. तोच तुकडा पुन्हा पुन्हा, जरा हट्टानं. मग ड्रमवाला असा काही घुसायचा की याला इतका वेळ कुणीतरी दारात अडवून ठेवलं होतं की काय असं वाटावं. गाणाऱ्याचा आवाज बसलेला, पण प्रत्येक ओळीला तो जीव काढून द्यायचा. आम्हाला इंग्रजी यथातथाच येत होतं. तो कशासाठी एवढा तळमळतोय हे कळायचं नाही, पण आपणही त्याच्याबरोबर तळमळावं असं वाटायचं. सतरा-अठराव्या वर्षी माणसाला तळमळायला कारण लागतं कुठे?

आमच्या आईचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, "भांडी पडली तर निदान थांबतात तरी."

मग वहिनी आली. ती कपडे शिवायची, त्यामुळे लग्नात तिच्याबरोबर पायमशीनही आलं. ते आतल्या खोलीत, दुकानाच्या दाराला लागूनच बसवलं. गाणं चालू असताना कुणी ब्र काढायचा नाही, हा दादाचा कायदा. वहिनीला तो कायदाही पटला नाही आणि बँडही नाही. "तुमचे ते ओरडे" एवढंच ती त्याला म्हणायची. रविवारी आमची पोरं तिकडे ओरडू लागली की ती इकडे दार लोटून मशीन दामटायची. भाजीवालीच्या बाळाच्या झबल्यापासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं रविवारच्या दुपारी शिवून व्हायचं.

आता आमच्या थोर अज्ञानाबद्दल सांगायला हवं. बऱ्याच वर्षांनी डॉक्टरच्या सासुरवाडीला आम्ही जेवायला गेलो होतो. त्याच्या मेहुण्याकडे महागाची यंत्रणा आणि आमचीच रेकॉर्ड. त्यानं मोठ्या थाटात ती लावली आणि आम्ही चौघं एकमेकांकडे बघू लागलो. गाणं आजारी होतं. ड्रमवाला पेंगत होता, गाणाऱ्याचा गळा नको तेवढा भारदस्त झाला होता. लंबूनं खालच्या आवाजात विचारलं, "याला कुणी मेल्याची बातमी दिली का?" दादानं मेहुण्याला सांगून टाकलं, की मशीन मरतुकडं आहे, उद्या दुकानात आणून टाका. मेहुणा तडकला. शब्दानं शब्द वाढला आणि गोड पदार्थ यायच्या आत आम्ही घरी परतलो.

चूक आमची होती. दादानं प्लेअर दुरुस्त करताना मोटरवर दुसऱ्याच कंपनीच्या मशीनची पुली बसवली होती. पुली म्हणजे ते छोटं चाक, ज्याच्यावरून रबरी पट्टा तबकडीला फिरवतो. हे चाक किंचित जाड होतं, म्हणून आमची रेकॉर्ड पहिल्या दिवसापासून जलद फिरत होती. सगळी गाणी थोडी घाईत, थोडी वरच्या पट्टीत. जगभर लाखो लोकांनी जो बँड ऐकला तो आम्ही कधी ऐकलेलाच नव्हता. आमचा बँड वेगळाच होता आणि त्याचे श्रोते जगात फक्त चार.

आम्हाला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. लंबू तर म्हणाला, "त्यांनीच स्टुडिओत हळू वाजवलं असेल. इंग्रज माणूस, जेवून बसला असेल."

पण दादा पडला कारागीर. पुढे दुकान बंद करायची वेळ आली तेव्हा त्यानं सगळं सामान विकलं, तो प्लेअर तेवढा ठेवला, आणि कधीतरी गुपचूप त्यात योग्य मापाची पुली घातली. चुकीचं यंत्र घरात ठेवणं त्याच्या तत्त्वात बसेना. जुनी पुली भंगारात गेली. त्यानंतरही आम्ही काही रविवार जमलो, बरोबर वेगातला बरोबर बँड ऐकला, माना डोलावल्या. मग डॉक्टरची गुडघेदुखी निघाली, लंबू मुलीकडे जाऊन राहिला, माझ्या शाळेच्या तपासायच्या वह्या कधी संपेचनात. कुणी कुणावर रागावलं नाही. रविवार आपोआप मोडले. मला त्या पुलीचा राग आहे आणि तो जायचा नाही.

तर आता दादाला शेवटचं काय ऐकवायचं, हा प्रश्नच नव्हता. फक्त ते आमच्या वेगात ऐकवायचं, असं मी ठरवलं. मी ठरवलं की होतं, असं माझे विद्यार्थी अजून सांगतात.

शनिवारी सकाळी दादाचा जावई त्याला रक्त तपासायला घेऊन गेला आणि आम्ही तिघं त्याच्या घरात शिरलो. लंबू मुलीच्या गावाहून आदल्या दिवशीच येऊन थांबला होता. तशी पुली आता मिळणं शक्य नव्हतं, पण आहे त्याच चाकाला पट्टी गुंडाळून जाड केलं तर काम व्हायला हरकत नव्हती. लंबूनं खिशातून नळाच्या आट्यांना लावायची पांढरी पट्टी काढली. ती इतकी गुळगुळीत की पट्टा जागच्या जागी घसरू लागला आणि गाणारा मांजरासारखा विव्हळला. डॉक्टरनं नाकानं कांदे सोलत ती उतरवली आणि जखमेवर लावतात ती कागदी पट्टी चाकाला दिली. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बारीक काम केलेला हात. पट्टी सुरेख बसली. रेकॉर्ड लावली.

"झालं," डॉक्टर म्हणाला.

"अजून ढिम्म आहे," लंबू म्हणाला.

"मला तर जास्तच जलद वाटतंय," मी म्हणाले.

आम्ही आणखी एक वेढा दिला, मग अर्धा काढला, मग पुन्हा दिला. प्रत्येक वेढ्याला तीन मतं. ज्या वेगासाठी आम्ही परक्याच्या घरात भांडून अर्ध्या जेवणावरून उठलो होतो, तो आमच्यापैकी एकालाही धड आठवत नव्हता. मला रडू यायला लागलं. दादाला विचारणं म्हणजे सगळी गंमतच घालवणं, आणि हाताशी दिवस एकच उरला होता.

"हळू आहे," आतून आवाज आला.

वहिनी मशीनवर बसली होती. उशीचा अभ्रा शिवत होती, इस्पितळात न्यायला. तिनं मान वर केली नाही.

"वहिनी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" लंबू म्हणाला.

"मला नाही कळत. पायाला कळतं. माझा पाय पुढे जातोय आणि तुमचा तो बडवणारा मागे राहतोय."

आम्ही दारात जाऊन उभे राहिलो. तिचा पाय पायट्यावर होता आणि गाण्याच्या पुढे धावत होता. सगळे रविवार ती आमच्याकडे पाठ करून त्याच ठेक्यावर शिवत आली होती आणि आम्हाला वाटायचं, ती राग काढतेय. काढतही असेल. डॉक्टर परत गेला आणि त्यानं आणखी एक वेढा दिला. वहिनीनं पाय मारून पाहिला. "जरासं अजून." त्यानं जरासं अजून दिलं. मग मशीन आणि ड्रम एकत्र चालू लागले. तिनं अभ्र्याची एक बाजू पूर्ण शिवली, दोरा तोडला आणि म्हणाली, "हेच ते तुमचे ओरडे. आता पसारा आवरा, ते येतील."

रविवारी दुपारी दादा त्याच्या जुन्या लाकडी खुर्चीत बसला, उजवा कान स्पीकरकडे करून. त्याला आता सगळं डब्यातून आल्यासारखं ऐकू यायचं, पण यायचं. लंबूनं सुई टेकवली. गिटारचा तो हट्टी तुकडा दोनदा वाजला नाही तोच दादा वळला.

"पुलीला काय केलंत?"

कुणी बोलेना. कायदा होता ना. तो स्वतःच उठला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "कागद? अडाण्यांनो, पट्टा कातरला जाईल." मग ड्रमवाला घुसला आणि दादा उभ्याउभ्याच हसायला लागला. इतका हसला की त्याला धरून खुर्चीत बसवावं लागलं.

ती पहिली बाजू आम्ही कशी ऐकली ते मला नीट सांगता येणार नाही. समोर तीन म्हातारे आणि त्यांच्यात मी, चौथी म्हातारी. पण तो घाईघाईचा, वरच्या पट्टीतला आवाज आला आणि अर्धं शटर, गरम सोल्डरचा वास, डॉक्टरचा पहिला पांढरा कोट, सगळं माझ्या अंगावर येऊन पडलं. लंबू डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होता आणि चुकत होता. तो आधीपासूनच चुकायचा. मी दादाकडे बघायचं टाळत होते. मी फार सुखात होते आणि मला फार वाईट वाटत होतं.

बाजू संपली. लंबू रेकॉर्ड उलटायला उठला.

"राहू दे," दादा म्हणाला.

"अरे, दुसरीच तर खरी बाजू."

"ती मला पाठ आहे. पहिलीही पाठ आहे. कान गेला तरी ती वाजणार, आणि आपल्याच वेगात वाजणार." त्यानं कपाळावर बोट ठेवलं. "तुम्ही मला पाठ नाही. बोला काहीतरी."

जन्मभर गप्प बसवलेल्या माणसांना एकदम बोला म्हटलं तर कसं व्हायचं? डॉक्टरची तर दातखिळीच बसली. शेवटी लंबूनं कुठल्या तरी तुंबलेल्या मोरीची गोष्ट सुरू केली, जी आम्ही शंभरदा ऐकली होती. दादानं ती शेवटपर्यंत ऐकली. मग डॉक्टरला त्याच्या मेहुण्याबद्दल बोलायला लावलं. मला म्हणाला, "छोटे, तू हजेरी घे. वर्गात घेतेस तशी." मी तिथं नसलेल्या पोरांची नावं घ्यायला लागले आणि पाचव्या-सहाव्या नावाला माझा आवाज फुटला. तो म्हणाला, "चालेल. असाही ऐकला."

मग त्यानं खुर्ची उचलली, स्पीकरकडे पाठ केली आणि उजवा कान आतल्या दाराकडे करून बसला.

"तू बोल."

वहिनी मशीनवर होती, हात अभ्र्यावर. "मी काय बोलू?"

"रोज बोलतेस ते."

"रोज तुम्ही ऐकता कुठे?"

"आज ऐकतोय."

तिनं अभ्र्याची शिवण बोटानं सारखी केली. मग म्हणाली, "लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी दारात आले होते. काही विचारायचं होतं. तुम्ही हात वर केलात, गाणं संपेपर्यंत थांब म्हणून. तुमची गाणी काही संपेनात. मी परत गेले."

दादानं विचारलं, "काय विचारायचं होतं?"

"तुम्हाला चहात साखर किती लागते."

मी पदर तोंडाला लावला.

"मग?"

"मग काय? घातली अंदाजानं. अजून अंदाजानंच घालतेय."

"बरोबर पडते," दादा म्हणाला. "पुढे बोल."