चाळीस शून्यांनंतरचा पाऊस

पाऊस वाढवायचा प्रकल्प तीन देशांचा होता. विमान एकाचं, ढगात फवारायचं मीठ दुसऱ्याचं, रडार तिसऱ्याचं. पाणी जमिनीवर पोचलं की नाही, हे मात्र फक्त पाऊस मोजणाऱ्या मापकाकांच्या वहीत होतं.

अकरा वर्षं रोज सकाळी आठला काका घरामागच्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतून आकडा लिहीत. पहिल्याच दिवशी साहेबांनी शिकवलं होतं, "नळीत दिसेल ते लिहायचं, आभाळाकडे बघायचं नाही." काका शिस्तीचे. अकरा वर्षांत त्यांनी वर एकदाच बघितलं, तेही कावळ्याने टोपीवर प्रसाद दिला म्हणून.

आता प्रकल्प संपत आला होता. संशोधक मुलगी वही घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसली होती.

"काका, हे सहा आकडे बघा. सहाही वेळा चार पूर्णांक दोन मिलिमीटर. आणि रडारवर ढगाचा ठिपकासुद्धा नाही."

"नळीत होतं ते लिहिलं."

"मीठवाले म्हणतात, आमचं मीठ. विमानवाले म्हणतात, आमचा वैमानिक."

"आणि रडारवाले?"

"ते म्हणतात, आमचं रडार बिघडलं असणार." ती हसली नाही. "खुलासा मिळाला नाही तर वही बाद होईल, काका. अख्खी."

काकांनी वही स्वतःकडे ओढली. त्यांनी तारखा पुन्हा पाहिल्या. प्रत्येक आकड्याच्या आधी ओळीने चाळीस शून्यं होती.

चाळीस शून्यं म्हणजे घरात अबोला. टोपी खुंटीवर आपटायची, जेवण अर्धवट टाकायचं. काकू म्हणायच्या, "अहो, आभाळ काय तुमच्या हाताखाली नोकरीला आहे?" आणि मग एके सकाळी काका शीळ घालत आत आले की चेहरा अगदी साधा ठेवून विचारायच्या, "काही पडलं का हो आज?"

काका उठले. फळीवर तीन वर्षं पालथा पडलेला, कान तुटलेला कप त्यांनी काढला. काकूंचा, त्या गेल्यापासून कुणी न वापरलेला. पाण्याने काठोकाठ भरून, मागे जाऊन मापकात ओतला आणि नळीत मोजला.

चार पूर्णांक दोन.

"काकूंनी?" मुलीने हळूच विचारलं.

"एकटीनं. विमान न घेता." काकांनी नाक पुसलं. "खोड ते सहाही. बाकी वही खरी आहे."

मुलीने लाल रेघा मारल्या. "कारण काय लिहू?"

काकांनी बराच विचार केला. "घरगुती पाऊस."

तिन्ही देशांनी तो शेरा मान्य केला. अकरा वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. वही राहिली.

दुसऱ्या सकाळी आठ वाजता काकांनी कप भरून मापकात ओतला, मोजला, नळी थोडा वेळ हातात धरली. मग शिस्त मोडून आभाळाकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं.

वहीत त्यांनी लिहिलं, शून्य. आणि शीळ घालत घरात गेले.