माजिवड्याला डावीकडे

विनिता नावाच्या एका अनोळखी बाईच्या स्कूटरला तिच्या गाडीचा धक्का लागला त्या दिवसापासून जागृतीने गाडीला हात लावला नव्हता. ठाकुर्लीच्या सोसायटीत खाली ती पांढरी गाडी कव्हर घालून उभी असायची आणि भाजीला जाता-येता जागृती तिच्याकडे न बघता पुढे जायची.

गाडी मयूरने, तिच्या नवऱ्याने, मोठ्या हौसेने घेतली होती. तो चेन्नईला कामाला, दोन-दोन महिन्यांनी घरी येणारा. घरात त्याची आई आणि बायको दोघीच, तेव्हा गाडी सुरक्षित हवी म्हणून त्याने सगळ्यात वरचं मॉडेल घेतलं. बाहेरच्या दोन्ही आरशांच्या कोपऱ्यात एक बारीक नारिंगी दिवा होता. आरशात न दिसणाऱ्या जागी, मागच्या दाराच्या आसपास कोणी आलं की तो लागायचा, आणि तो लागलेला असताना इंडिकेटर दिला तर गाडी टुकटुक वाजायला लागायची. आरसे कसे लावायचे तेही मयूरने शिकवलं होतं. आपल्याच गाडीची कड दिसेनाशी होईपर्यंत बाहेर वळवायचे, म्हणजे न दिसणारी जागा कमी होते. आणि मग लेन बदलताना आधी मधला आरसा, मग बाजूचा, मग दिवा, आणि शेवटी मान वळवून खांद्यावरून एक नजर. दिव्यावर सगळं सोडू नकोस, असं तो दर वेळी बजावायचा.

पण दिवा कधी चुकत नव्हता, आणि हळूहळू जागृतीची मान वळायची थांबली.

त्या दिवशी शीळ रस्त्यावर तिच्या डावीकडची लेन मोकळी होती. दिवा विझलेला. तिने इंडिकेटर दिला आणि गाडी घेतली. नेमकी त्याच वेळी अगदी कडेच्या लेनमधून विनिताने आपली स्कूटर त्याच मोकळ्या लेनमध्ये घातली. दिवा लागला तेव्हा उशीर झाला होता. आवाजही फार मोठा झाला नाही, भांडं निसटून पडावं तेवढाच. विनिताच्या गळ्याखालचं हाड मोडलं. जागृती तिला बघायला गेली तेव्हा ती भांडली नाही की रडली नाही. पट्ट्यात बांधलेला हात मांडीवर ठेवून एवढंच म्हणाली, "मला तुमची गाडी दिसत होती ना. मला वाटलं, तुम्हालाही मी दिसत असेन."



मग एका रविवारी सकाळी तिच्या आईचा, चंद्रभागाबाईंचा, बाळकुमहून फोन आला. जागृतीचं माहेर बाळकुमच्या कोळीवाड्यातलं. वडील, देवराम, आयुष्यभर खाडीत मासेमारी केलेला माणूस. खाडीत मासा उरला नाही तरी भरती-ओहोटीच्या वेळा त्यांना पाठ असायच्या. आठवड्यापूर्वी जिन्यावरून घसरून त्यांचं डोकं आपटलं होतं. तेव्हा काही वाटलं नाही, उठून जेवलेसुद्धा. आता सकाळपासून शब्द अडखळायला लागले, पाय ओढायला लागले, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना माजिवड्याजवळच्या हॉस्पिटलात नेलं. डोक्यात रक्त साकळलंय, लगेच ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि देवराम हट्ट धरून बसले होते की पोरीला बघितल्याशिवाय आत जाणार नाही.

"लवकर ये गो," आई म्हणाली. "डॉक्टर थांबाला तयार नाय."

रविवार म्हणजे रेल्वेचा मेगाब्लॉक. कल्याणकडून ठाण्याला जाणाऱ्या गाड्या रखडत होत्या, स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. जागृतीने मोबाईलवरून टॅक्सी बोलावली. पहिलीने येतो म्हणून रद्द केलं, दुसरीनेही. रिक्षावाला एवढ्या लांब यायला तयार होईना. जागृती मोबाईल हातात धरून गेटपाशी नुसती उभी राहिली. तेव्हा तिच्या सासूबाई, माधवीताई, पायात चपला अडकवून खाली आल्या. गुडघ्याच्या दुखण्याने त्यांना चार पायऱ्यासुद्धा जड जायच्या. त्यांनी गाडीचं कव्हर ओढून काढलं आणि त्याची कशीबशी घडी घालत म्हणाल्या, "मी बसते शेजारी. हळू चालव, पण चल."

दुर्गाडीचा पूल, कोनगाव, रांजणोली नाका. जागृतीने डावी लेन सोडली नाही. पुढे एखादा कंटेनर रांगत असला तरी ती त्याच्या मागे रांगत राहिली. हातांना घाम सुटला होता आणि ती एकेक तळवा ड्रेसला पुसत होती. माधवीताई मधूनमधून म्हणत होत्या की छान चाललंय, आणि ते खरं नाही हे दोघींनाही कळत होतं.

हायवेला लागल्यावरही निभावलं असतं. पण मानकोलीच्या पुढे कामासाठी डावी बाजू पत्रे ठोकून बंद केली होती आणि सगळी वाहनं उजवीकडे ढकलली जात होती. तिथे लेन बदलायची वेळच आली नाही. गर्दीनेच तिला सरकवत सरकवत पार उजव्या कडेला, दुभाजकाला चिकटवून ठेवलं. पत्रे संपले, रस्ता पुन्हा रुंद झाला, आणि आपल्याला आता सगळा रस्ता आडवा कापून डावीकडे जायचंय हे तिच्या लक्षात आलं. माजिवड्याला डावीकडे उतरलं नाही तर गाडी पुलावर चढते आणि थेट मुंबईच्या दिशेने निघते. हा तिच्या माहेरचा रस्ता. दुसऱ्या कुणी गाडी चालवली असती तर तिने डोळे मिटून सांगितलं असतं कुठे वळायचं ते.

तिने डावा इंडिकेटर दिला. गाडी टुकटुक करायला लागली. आरशातला दिवा पेटलेला. एक बाइक गेली, तिच्यामागे दुसरी, मग टेम्पो, मग तीन माणसं बसलेली स्कूटर. दिवा विझेना. विझला असं वाटेपर्यंत पुन्हा लागायचा. तिने मान वळवून बघितलं तर मागे हेल्मेटंच हेल्मेटं दिसली. पुन्हा समोर बघितलं तर पुढचा ट्रक ब्रेक लावून थांबत होता. तिने जोरात ब्रेक दाबला, मागच्याने हॉर्न दिला. तिने इंडिकेटर बंद केला. टुकटुक थांबली.

"बंद का केलास?" माधवीताईंनी विचारलं.

"कोणी येऊच देत नाहीये आई."

खाडीवरच्या साकेतच्या पुलावर गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. तेवढ्यात डॅशबोर्डवरच्या पडद्यावर बाळकुमच्या आईचं नाव उमटलं आणि रिंग सगळ्या गाडीत घुमली. माधवीताईंनी बोट लावून फोन घेतला. आईचा आवाज येईल असं वाटलं होतं. आवाज वडिलांचा आला, जड जिभेचा, प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारखा.

"जागू, कुठं पोचली गो बाय?"

"आलेच बाबा. साकेतला आहे."

"सावकास ये. घाई नको करू." मग दम घेतल्यासारखे थांबले. "मना तुला येक सांगाचा हाय."

नेमका त्याच वेळी पुढचा ट्रक हलला आणि डावीकडे एका गाडीएवढी जागा झाली. जागृतीने झटकन इंडिकेटर दिला. टुकटुक, टुकटुक. तिला दिव्याकडे बघायचं होतं, मागे बघायचं होतं, पुढे बघायचं होतं, आणि सगळ्या गाडीत वडिलांचा श्वास भरून राहिला होता.

"बाबा, आत्ता नको," ती म्हणाली. "मला लेन बदलायचीये. मी येते ना, आल्यावर बोलू."

"बरा, बरा," देवराम म्हणाले. फोन बंद झाला. ती जागा एका रिक्षाने कधीच भरून टाकली होती.

माजिवड्याची पाटी दिसायला लागली. मग माधवीताईंनी काच खाली केली आणि खिडकीतून अर्ध्या बाहेर झुकून हात काढला. घरातही कधी मोठ्याने न बोललेल्या, रस्त्यात कोणाला हाक मारायलाही लाजणाऱ्या बाई. पंजा उघडा करून त्या येणाऱ्या प्रत्येकाला थांबायची विनवणी करत होत्या. बाइकवाले हाताला वळसा घालून जात राहिले. एकाने तर काहीतरी वाईट बोलून घेतलं. पण त्यांच्या मागून येणाऱ्या एका कंटेनरवाल्याने त्यांना पाहिलं. त्याने आपलं ते अजस्र धूड थांबवलं, एकदा हेडलाइट मारला आणि वाट बघत राहिला. त्याच्यासमोर चांगली ऐसपैस जागा झाली.

"जा," माधवीताई म्हणाल्या. "थांबलाय तो. जा आता."

जागृतीने आरशात बघितलं. दिवा लागलेला होता. थांबलेल्या कंटेनरचाच असणार, हे तिला कळत होतं. पण कंटेनरच्या पलीकडून, तिला न दिसणाऱ्या बाजूने, कोणी त्याच मोकळ्या जागेत घुसत असेल तर? स्टिअरिंगवरचे हात तिने वळवायचं ठरवलं, आणि ते वळले नाहीत. दुसऱ्या कोणाचे असावेत तसे ते जागच्या जागी राहिले. पाय ब्रेकवर होता, तो तिथेच दाबला गेला. मागून हॉर्नचा गदारोळ उठला. कंटेनरवाल्याने आणखी थोडी वाट पाहिली आणि मग तो निघून गेला. त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं.

माधवीताईंनी हात आत घेतला, काच वर केली.

गाडी पुलावर चढली. चढावरून डावीकडे, खाली, हॉस्पिटलची इमारत दिसली. खिडक्यांवर ऊन पडलं होतं. जागृतीला वाटलं, इथेच गाडी सोडावी, कठड्यावरून खाली बघत धावत सुटावं. पण पुलावर थांबता येत नाही, मागे फिरता येत नाही. एक पूल उतरला की लगेच दुसरा सुरू झाला, आणि ती उजव्याच लेनमधून त्याच्यावरही चढली. तिचं ठाणं तिच्या खालून, बाजूने मागे जात राहिलं. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तिने हात उचलला नाही, म्हणून माधवीताईंनी आपल्या पदराने तिचे डोळे पुसले, समोरचं दिसावं एवढ्यापुरते.

मुलुंडच्या आसपास गर्दी विरळ झाली तेव्हा कुठे तिला डावीकडे येता आलं. वळसा घालून त्या परत फिरल्या. हॉस्पिटलात पोचल्या तोवर ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं होतं आणि वर लाल दिवा लागला होता. चंद्रभागाबाई बाकावर बसल्या होत्या. मांडीवर देवरामांची बंडी आणि घड्याळ.

"थांबला व्हता गो," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला बोलला, माजी पोर पुलावर हाय, आता येल. मग त्याची जीभच वळंना. नेला त्याला."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर जागृतीला बरं वाटलं असतं. फोनवर त्यांना काय सांगायचं होतं, असं तिने विचारलं. चंद्रभागाबाईंनी मान हलवली. देवराम त्यांनाही काही बोलले नव्हते.

ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंही होतं. देवराम वाचले. बरेच दिवस नुसते झोपून राहिले, मग डोळे उघडले, मग हाताने खाऊ लागले, चालू लागले. मयूर रजा काढून आला, त्याने सगळी धावपळ केली. जागृतीने त्याला पुलावरची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला की एवढ्या गर्दीत त्यालाही जमलं नसतं. तिला माहीत होतं की त्याला जमलं असतं. आपण वेळेवर पोचलो असतो तर ऑपरेशन तेवढंच लवकर झालं असतं का, आणि त्याने काही फरक पडला असता का, हे तिने एकदा धीर करून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं काही सांगता येत नाही. मग तिने परत कधी विचारलं नाही.

देवराम घरी आले. पण जागृतीला ते ओळखत नव्हते. तिला ते मंगी म्हणायचे. मंगी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, जागृतीच्या जन्माआधीच वारलेली. मंगीशी ते प्रेमाने बोलायचे, तिला आपल्या ताटातली बोंबलाची कढी द्यायचे. सुरुवातीला जागृती त्यांना समजावत बसायची, मी जागू आहे बाबा, तुमची जागू. ते ऐकून घ्यायचे, आणि परक्या माणसापुढे बसावं तसे गप्प व्हायचे. त्यापेक्षा मंगी बरी, असं ठरवून तिने तो नाद सोडला. एकदा तिने मंगी होऊनच विचारलं, दादा, जागूला काय सांगायचं होतं तुला? त्यांनी बराच वेळ आठवायचा प्रयत्न केला. कपाळावर आठ्या पडल्या. मग ओशाळून हसले.

थंडीच्या दिवसांत आईला जरा विसावा मिळावा म्हणून जागृतीने दोघांना ठाकुर्लीला न्यायचं ठरवलं. मयूर चेन्नईला परतला होता. ती एकटीच गाडी घेऊन बाळकुमला गेली, सगळा रस्ता डाव्या लेनने, जाताना वेळ लागला तेवढा लागू दिला. येताना आई मागे बसली, देवराम पुढे, तिच्या शेजारी. पट्टा तिनेच त्यांना बांधला.

साकेतच्या पुलावर एक टेम्पो बंद पडून डावी लेन अडली होती. तो ओलांडायचा तर आधी उजवीकडे जायला हवं होतं, आणि मग पुन्हा डावीकडे यायला. पहिलं कसंबसं झालं. आता दुसरं. तिने इंडिकेटर दिला, दिवा पेटला, टुकटुक सुरू झाली. मानेपासून बोटांपर्यंत ती पुन्हा ताठ झाली. शेजारी देवराम खिडकीला कपाळ टेकून बाहेर बघत होते.

"दादा," तिने विचारलं, "तुझ्या बाजूने कोणी येतंय का बघ ना."

त्यांनी बघितलं. अगदी मन लावून, मान लांब करून, मागेपुढे सगळीकडे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, पण त्यांना घाई नव्हती.

"पानी उतरलाय," ते म्हणाले. "चिखल दिसतंय सगला."

"बरं," जागृती म्हणाली.

मग तिने स्वतःच मान वळवली. एक बाइक होती, ती जाऊ दिली. दुसरी होती, तीही जाऊ दिली. मागचा माणूस हॉर्नवरून हात काढायला तयार नव्हता. मागच्या सीटवर चंद्रभागाबाई पुढे सरकून बसल्या होत्या आणि श्वास रोखून त्याच बाजूला बघत होत्या. देवराम खाडीकडे बोट दाखवून मंगीला काहीतरी सांगत होते. ती त्यांच्याकडे न बघता हुंकार देत राहिली आणि दिवा विझायची वाट बघत राहिली.