रिकामा घास

मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या खणात कधीतरी नीट डोकावून पाहा. एका मापाचे, एका नक्षीचे चमचे शिस्तीत पडलेले दिसतील आणि त्यांच्यात एखादा कुणाशीच न जुळणारा असेल. पाहुणे आले की त्याला मागे सारतात. या घरात तो मी आहे. मी एक जुना, लहान मुलांना भरवायचा चमचा. दांडा जरा वाकडा आहे, पण स्टील अस्सल. पुढेपुढे करणाऱ्या माणसाला लोक चमचा का म्हणतात, ते मला अजून कळलेले नाही. मी आयुष्यात कुणाची हांजी हांजी केलेली नाही आणि आजही जे पाहिले तेच सांगणार आहे.

माझा जन्म भांड्यांच्या एका कारखान्यात झाला. मला पत्र्यातून कापून काढले, साच्यात घालून असे दाबले की पोटाला कायमचा खड्डा पडला. शेवटी कडा घासणाऱ्या बाईंच्या हाती दिले. मोठे चमचे त्या नुसते बोट फिरवून पुढे टाकत. मला मात्र त्यांनी स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवून पाहिले, पुन्हा चाकावर धरले, पुन्हा ओठाला लावले. "लेकराच्या तोंडात जायचंय, टोचायला नको," असे शेजारणीला म्हणाल्या. त्या बाई मला पुन्हा कधी दिसल्या नाहीत, पण त्यांची आठवण मी जपून ठेवली आहे.

मला विकत घेतले ते एका बस ड्रायव्हरने. त्याच्या मुलाला दात येऊ लागले होते. मुलाला सगळे छोटू म्हणत. छोटूची आई सकाळीच शिवणाच्या कारखान्यात जाई आणि ड्रायव्हरची पाळी दुपारची असे, म्हणून सकाळचे भरवणे त्याच्याकडे होते. मऊ भाताने माझे पोट भरले की तो तोंडाने इंजिनाची घरघर काढी. "चला, गाडी सुटली! हनुवटी स्टॉप. कुणी उतरणार? नाही? चला पुढं. नाकाचा स्टॉप. अहो, नाकात नका उतरू! आला शेवटचा स्टॉप. डेपो उघडा हो!" छोटू खदखदून हसे आणि हसताना डेपो आपोआप उघडे. पोट भरले की तो ओठ घट्ट मिटून मान हलवी. पुढे बोलायला लागल्यावर "डेपो बंद!" असे ओरडे. मग वाटीत कितीही भात उरलेला असो, ड्रायव्हर एक घासही जास्त भरवत नसे. गाडी तिथेच थांबे.

ते माझे सुखाचे दिवस होते. माझा दांडा वाकडा झाला तोही त्याच काळात. छोटूने मला घेऊन अंगणात विहीर खणायला घेतली होती. पाणी काही लागले नाही, माझी कंबर मात्र मोडली.

मुले मोठी होतात. छोटू मोठ्या चमच्याने जेवू लागला आणि माझी रवानगी मिठाच्या बरणीत झाली. मित्रांनो, बरणीत दिवसाकाठी एखादी चिमूट उचलण्यापलीकडे काम नसते. किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही. एके दिवशी ड्रायव्हरने मला बरणीतून काढले, चिंच लावून घासले आणि रुमालात गुंडाळून छोटूच्या हातात ठेवले. "यानं तू जेवलास. आता तिला जेवू दे," तो म्हणाला. तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते आणि छोटूचे डोके दाराच्या चौकटीला लागत होते. तरी त्याला सगळे छोटूच म्हणत.

'तिला' म्हणजे छोटूच्या मुलीला. तिचे घरातले नाव टिल्ली. टिल्लीची आई इस्पितळात नर्स आहे आणि तिच्या ड्यूट्या बदलत असतात. छोटू कपडे धुण्याची मशीन दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीसाठी घरूनच काम करतो. कुणाचे मशीन गळते, कुणाचे फिरत नाही, सगळे लोक त्याच्यावर फोनवरून करवादतात. मी नव्या घरात आलो तेव्हा टिल्लीने मला दोन्ही हातांत धरून माझ्या पोटात पाहिले. तिथे तिला स्वतःचा चेहरा उलटा दिसला. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मिठाच्या बरणीतली सगळी वर्षे मी त्या क्षणी माफ करून टाकली.

मग तिला ताप आला. चार घास काही केल्या पोटात जाईनात. आई ड्यूटीवर होती, छोटूचा जीव टांगणीला लागला होता. त्याने फोन पाण्याच्या पेल्याला टेकवून उभा केला आणि नाचणाऱ्या सशांचे गाणे लावले. टिल्लीचे तोंड उघडले ते वाटी संपेपर्यंत उघडत राहिले. छोटूने सुटकेचा नि:श्वास टाकला. खरे सांगायचे तर मीही खूश झालो. पण मित्रांनो, तापाबरोबर फोनही जायला हवा होता. ताप गेला, फोन राहिला.

त्यानंतर माझे काम सोपे झाले आणि मला ते आवडेनासे झाले. माझी कड ओठाला लागली की टिल्ली तोंड उघडायची. माझ्याकडे पाहायची नाही, छोटूकडे पाहायची नाही, भात आहे की केळे याच्याशी तिला देणेघेणे नव्हते. पोट भरले तरी तिला कळायचे नाही, मग ती सांगणार काय? छोटूचा डावा हातही मोकळा नसायचा, त्यात त्याचा कामाचा फोन असायचा. मधेच आजोबा, म्हणजे आपला जुना ड्रायव्हर, राहायला आला. मला वाटले, आता गाडी सुटणार! पण त्यालाही कुणीतरी फोन घेऊन दिला होता आणि शुभेच्छांची फुले इकडून तिकडे पाठवण्यातून त्याला सवड नव्हती. जेवायला तीन माणसे, समोर तीन फोन. ज्याने मला बसगाडी बनवले होते त्याला मी शेजारी असल्याचेही भान नव्हते. मला फार वाईट वाटले.

टिल्लीला दोन वर्षे होऊन गेली तरी ती बोलत नव्हती. 'आ' आणि 'ऊं' एवढ्यावर तिचे भागे. आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि परत येऊन टेबलाशी बसली.

"कान उत्तम आहेत म्हणाले. मग विचारलं, घरात हिच्याशी बोलतं कोण?"

"सगळेच बोलतो की आपण," छोटू म्हणाला.

"कधी? मलाही आठवेना. आजपासून जेवताना फोन नको रे."

"तुला म्हणायला काय जातंय? तू ड्यूटीवर असतेस. इकडं गिऱ्हाईक ओरडतं, तिकडं ही ओरडते. उपाशी ठेवू का तिला?"

आईकडेही उपाय नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा ससे नाचले.

आता ती दुपार सांगतो. आई इस्पितळात होती, आजोबा आत आडवा झाला होता. छोटूच्या फोनवर कुणीतरी पाणी भरलेल्या खोलीचे फोटो पाठवत होते आणि तो अंगठ्याने उत्तरे देत होता. उजव्या हाताने मला वाटीत बुडवायचे आणि टिल्लीच्या ओठाला लावायचे, हे न पाहता चालले होते. भात संपला. मी तळाला घासलो आणि वर आलो तो रिकामा. मला ओरडायचे होते, पण चमच्याला आवाज कुठून असणार! माझी कड ओठाला लागली. टिल्लीने तोंड उघडले, मिटले, चावले आणि गिळले.

पुन्हा वाटी, पुन्हा मी रिकामा. तिने पुन्हा चावले, पुन्हा गिळले.

तिसऱ्यांदा मी कोरड्या वाटीवर कर्रकन वाजलो आणि छोटूने खाली पाहिले. वाटी चकचकीत होती. त्याने वर पाहिले. टिल्लीचे गाल हलत होते.

"टिल्ले, काय खातेयस गं?"

तिची नजर सशांवरून हलली नाही. छोटूने मला तसाच, जाणूनबुजून रिकामा, तिच्या ओठाला लावला. तिने तोंड उघडले.

आई घरी आली तेव्हा तो दारातच म्हणाला, "ती रिकामा चमचा चावत होती. आणि भरवत मी होतो."

'मी सांगत नव्हते का' असे ती म्हणाली नाही. तिने त्याचा हात धरला. मग म्हणाली, "तर मग तिच्या आधी आपले फोन ठेवू. तिघांचेही."

"माझा कशाला?" आतून आजोबा. "मी काय लहान आहे?"

"म्हणून तर, बाबा. ती आपल्यालाच बघून शिकते."

सगळे फोन फ्रिजच्या डोक्यावर गेले. यापुढे सगळे गोड झाले असे मी सांगितले तर ती लोणकढी थाप होईल. टिल्लीने आकाशपाताळ एक केले. मला हिसकावून असे भिरकावले की मी भिंतीला आपटून फ्रिजखाली गेलो. वाटीतला भात तसाच राहिला. "द्यावा का पाचच मिनिटं?" आजोबा कळवळून म्हणाला. "बाबा, आपल्यापैकी कुणाची पाच मिनिटं कधी पाचच राहिली आहेत?" आई म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होते. दुसऱ्या दिवशीही तेच. वर फोन वाजला की छोटूची मान वळे आणि त्याच्या मागोमाग टिल्लीची. ते लक्षात आल्यापासून छोटूने मान वळवणे सोडले. जेवणाच्या वेळेत गिऱ्हाइकाला थांबावे लागेल, हेही त्याने कंपनीत सांगून टाकले.

मग एकदा, टिल्ली रडून रडून दमली असताना, त्याने मला फ्रिजखालून काढून धुतले. तो मला नुसता हातात धरून बसला. कसे कोण जाणे, त्याच्या घशातून घरघर निघाली. इंजिन फार दिवस बंद असल्यासारखे अडखळत होते.

"गाडी सुटली... नाकाचा स्टॉप..."

"अरे, हनुवटी स्टॉप खाल्लास की!" आजोबा खुर्चीतून ओरडला. "पॅसेंजर राहिले ना खाली!"

टिल्ली रडायची थांबली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती छोटूच्या चेहऱ्याकडे पाहत होती, जणू हा माणूस कोण ते तिला नव्याने पाहायचे होते. त्या दिवशी तिने दोनतीनच घास खाल्ले, पण ते तिने चावून, पाहून खाल्ले.

पुढे काही दिवस बरे गेले, काही वाईट. वाटी बाजूला ठेवताना आजोबा दर वेळी "डेपो बंद!" अशी आरोळी ठोकी. आणि एका दुपारी अर्धी वाटी संपल्यावर टिल्लीने ओठ घट्ट मिटले. छोटूने सवयीने आणखी एक घास पुढे केला. तिने हाताने माझा दांडा दूर लोटला.

"देपो बंद!"

आईच्या हातातला पेला तसाच राहिला. "एवढा एकच घास," छोटूच्या तोंडून गेले, आणि आजोबा कडाडला, "ऐकलं नाहीस? बंद म्हणजे बंद!" तो ओरडत होता आणि रडतही होता.

टिल्लीने मला छोटूच्या हातातून काढून घेतले. मी रिकामा होतो. तिने 'घुर्रर्र' केले. छोटूच्या हनुवटीशी मला थांबवले, नाकाशी थांबवले. फ्रिजवर फोन वाजू लागला. छोटूची मान हलली नाही. त्याने तोंड उघडले आणि तो रिकामा घास, तिच्याकडे पाहत, हळूहळू चावून खाल्ला. "वा! अजून आहे?" त्याने विचारले. होता ना, पुष्कळ होता.

मित्रांनो, हे तुमच्या आईबाबांना वाचून दाखवा. मोठ्यांनी आपला फोन आधी ठेवावा आणि मग लहानांचा मागावा, एवढेच माझे मागणे आहे. मला घासूनपुसून लख्ख ठेवले नाही तरी चालेल, मी वाकडाच बरा आहे. फक्त भरवताना समोरच्या तोंडाकडे पाहत जा. आता मला जाऊ द्या. टिल्लीची जेवायची वेळ झाली आहे, आणि आज गाडी ती चालवणार आहे.