तीनचाकीची खांदशेकणी

मित्रांनो, मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे. माझ्या मागच्या उजव्या चाकाजवळ एक पिवळा डाग आहे. रॉकेल लावून झालं, साबण लावून झाला, पण तो काही हटत नाही. वर्ध्याच्या वाचनालयासमोर मी उभी असते तेव्हा येणारे-जाणारे विचारतात, गंज चढला का हो हिला? गंज कसला, हळद आहे ती! पण ती तिथे कशी आली हे सांगायचं तर मला अगदी जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म १९७३ सालचा, नागपूरच्या एका कारखान्यातला. मला पायडल नाही. बसणाऱ्याच्या छातीसमोर एक दांडा असतो. तो दोन्ही हातांनी गोल फिरवला की साखळी ओढली जाते आणि मी चालू लागते. म्हणजे सगळा कारभार 'आपला हात जगन्नाथ'. एका मंडळाने मला आणि माझ्या सहा बहिणींना झेंडूचे हार घातले, पाहुण्यांबरोबर आमचे फोटो काढले आणि आम्हाला वाटून टाकलं. मी वाट्याला आले नालवाडीच्या कांताच्या.

कांता तेव्हा चौदा वर्षांची होती. लहानपणीच पोलिओने तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. तिचे वडील नत्थूजी शेतकरी. त्यांनी पहिलीपासून आठवीपर्यंत, आठ वर्षं, तिला खांद्यावर बसवून शाळेत नेलं. तिला वर्गात सोडायचं, मग बैल घेऊन वावरात जायचं आणि शाळा सुटली की पुन्हा हजर व्हायचं. मी आले, नत्थूजींचा खांदा मोकळा झाला आणि कांताचा कामाला लागला.

पुढची अकरा वर्षं तिने मला हातांनी ओढलं. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती चाकांना अशी चिकटते की एकेक चाक भाकरीच्या पिठासारखं थापून निघतं. उन्हाळ्यात दांडा हाताला चटके देतो. तरी कांता मॅट्रिक झाली, वर्ध्याच्या कॉलेजात जाऊन बी.ए. झाली, वर ग्रंथालयाचा कोर्सही केला. मला फार अभिमान वाटायचा. पदवी तिची असली तरी वर्गाच्या दारापर्यंत तर मीच जात होते ना!

१९८४ सालच्या उन्हाळ्यात मात्र तिच्या उजव्या खांद्याने संप पुकारला. सुरुवातीला ती रात्री शेकून घ्यायची. मग सूज येऊ लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की हा दांडा फिरवणं थांबवा, नाहीतर पायांसारखा हातही जाईल. नेमक्या त्याच महिन्यात शहरातल्या वाचनालयात जागा निघाली.

वाचनालयाचे चिटणीस दत्तोपंत सरळ माणूस. त्यांनी कांताचे कागद पाहिले, खूश झाले आणि मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुमच्या शिक्षणाबद्दल प्रश्नच नाही. पण सकाळी आठला दार उघडणं हेच या जागेचं पहिलं काम आहे. किल्ली तुमच्याकडे राहील. तुम्हाला रोज कोणी आणून सोडणार असेल, तर तो माणूस आजारी पडला की वाचनालय बंद. तुम्ही एकट्या, वेळेवर येऊ शकाल का, एवढंच मला सांगा."

कांता म्हणाली, येईन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचं ठरलं. ती आली नाही तर यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला बोलावणार होते. परतीच्या वाटेवर तिने तीनदा थांबून खांदा चोळला आणि मी मनातून खचले. तिचा हात वाचवायचा तर मला कोपऱ्यात पडावं लागणार, आणि मी कोपऱ्यात पडले तर ती नोकरी गेली. असा पेच होता.

तो सोडवला गावातल्या डोमाजीने. शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणं हा त्याचा धंदा. त्याच्या दुकानात एका मोडीत निघालेल्या जीपचा डायनामो पडला होता. "इंजिननं डायनामो फिरवला तं वीज येते," तो कांताला म्हणाला. "आता आपण वीज देऊ अन् डायनामो फिरवू. तो का नाई म्हणते काय?"

डायनामो नाही म्हणाला नाही. डोमाजीने तो माझ्या बैठकीखाली बसवला. शेजारी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी ठेवली. माझ्या उजव्या चाकाला लागून टायर नसलेली सायकलची एक रिम पक्की केली आणि डायनामोवरून त्या रिमवर रबरी पट्टा चढवला. दांड्याजवळ एक बटण आलं. दांडा अर्धा फेरा फिरवायचा, बटण दाबायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. पहिल्या दिवशी मी अशी उधळले की कांतासकट अंगणातल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, ढिगात घुसले. कांता पऱ्हाटीत बसून पोट धरून हसत होती. मला जरा लाजल्यासारखं झालं, पण अकरा वर्षांत तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

 नत्थूजी रोज संध्याकाळी येऊन मला न्याहाळायचे. तेल पाजायचं की पाणी, हे त्यांना कळेना. बॅटरीत पाणी घालतात हे ऐकल्यावर मात्र त्यांचा जीव भांड्यात पडला. पाणी पिते म्हणजे जनावरच, असा त्यांनी हिशेब लावला असावा.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे दुखतात, म्हणून पळसाच्या पानाने त्यांना लोणी-हळद लावायची, हात फिरवायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. नत्थूजींनी बांड्या आणि मोऱ्या या आपल्या जोडीचे खांदे शेकले. वाटीत थोडं लोणी उरलं. ते घेऊन ते माझ्याकडे आले.

आता माझा खांदा कुठे, हा प्रश्नच होता. त्यांनी मला चारही बाजूंनी पाहिलं आणि ओझं जिथून ओढलं जातं तोच खांदा, असं ठरवलं. शेतकऱ्याच्या डोक्याने ते अगदी बरोबर होतं. त्यांनी पट्ट्याला आतून-बाहेरून लोणी-हळद चोळली, रिमलाही लावली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आज आवतन घेजो, उद्या जेवाले येजो. अन् परवा पोरीले वेळेवर नेजो."

मित्रांनो, मला त्या क्षणी फार बरं वाटलं. जन्मल्यापासून हार मिळाले होते, पण आवतन कोणी दिलं नव्हतं. पोळ्याच्या दिवशी कष्ट करणाऱ्या जनावराला कामाला लावत नाहीत, म्हणून मलाही कोणी हलवलं नाही. त्यामुळे व्हायचा तो घोटाळा कोणाच्या लक्षातच आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही निघालो. गल्लीत मुलं तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल सजवत होती. सपाट रस्त्यावर मी बरी चालले. रेल्वेलाइनच्या अलीकडे चढ लागला आणि माझा डायनामो नुसताच घुमू लागला. पट्टा रिमवरून घसरत होता. चाक जागचं हलेना.

कांताने दांडा धरला. दोन फेरे फिरवले आणि तिसऱ्याला तिच्या तोंडून आवाज निघाला. तिने खांदा धरला. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात तिला वास आला, तापलेल्या लोण्याचा. तिने मागे वळून पाहिलं. पिवळ्या पट्ट्यावर तिच्या बाबांची बोटं उमटली होती. ती पाहून तिला रागावताही येईना. मला मात्र स्वतःची लाज वाटली. आवतनाचं जेवण जेवून मी ऐन वेळी बसकण मारली होती.

चढाच्या पायथ्याशी रुख्माबाईंची पिठाची चक्की होती. कांताने हाक मारली आणि त्या बाहेर आल्या. त्यांनी पट्टा पाहिला. "चक्कीचा पट्टा घसरला तं आमी राळ लावतो," त्या म्हणाल्या. "थांबजो, आणतो." तोवर कांता नव्या लुगड्याची पर्वा न करता खाली उतरून रस्त्यावर बसली. दोघींनी राख आणि फडक्याने पट्टा कोरडा केला, मग पकड यावी म्हणून राळेची पूड चोळली. रुख्माबाईंनी तिला वर बसायला हात दिला. कांताने बटण दाबलं आणि मी तो चढ चढून गेले.

वाचनालयापाशी दत्तोपंत घड्याळ हातात धरून उभे होते. आठला तीन मिनिटं कमी होती. त्यांनी रस्त्याकडे दूरवर पाहिलं आणि विचारलं, "कोण आलंय सोबत?"

"कोणी नाही," कांता म्हणाली.

त्यांनी किल्ली पुढे केली, तिचे काळे-पिवळे हात पाहिले आणि किल्ली मागे घेतली. मी घाबरलेच. पण ते एवढंच म्हणाले की आधी मागच्या नळावर हात धुऊन या, वर्तमानपत्रांना डाग पडतील. मग किल्ली तिला मिळाली.

घरी कांता यातलं काही बोलली नाही. पण नत्थूजी ज्वारी दळायला गेले तेव्हा रुख्माबाईंनी सगळं सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याजवळ फिरकले नाहीत. पुढच्या पोळ्याला बैलांचे खांदे शेकून झाले तरी वाटी हातात घेऊन ते लांबच उभे राहिले.

कांताने त्यांना बोलावलं. वाटी त्यांच्या हातातून घेतली. माझ्या दांड्याला हळदीचं एक बोट लावलं आणि म्हणाली, "हिचं झालं. आता बसा बाबा. एक खांदा राह्यला."

"कोनाचा?"

"तुमचा."

"माह्या खांद्याले का झालं?"

"आठ वर्सं मी बसलती त्याच्यावर."

 नत्थूजी बंडी काढून तिच्यासमोर खाली बसले. कांताने पळसाच्या पानाने त्यांच्या खांद्यावर लोणी-हळद लावली आणि बराच वेळ हात फिरवत राहिली. शेवटी तिने त्यांनाही आवतन दिलं.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. बॅटरी दोनदा बदलली, रिम सोडून रंग तीनदा लावला, तरी कांताताई रोज आठच्या आत दार उघडतात. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. तुमचं ओझं कोण वाहतं ते बघा, मग ते यंत्र असो, जनावर असो की माणूस. त्याच्यावरून मायेने हात फिरवा. यंत्राला लोणी लावण्याआधी जाणत्याला विचारा. आणि माणसाला लावायचं असेल तर विचारू नका, कारण तो नाहीच म्हणेल.